चालू मशीनची पूजा

सूर्यावर काय चाललंय ते पाटोद्यात बसून शोधायचं असं मी ठरवलं, तेव्हा माझं वय पंचवीस होतं आणि अक्कल त्याहून बरीच कमी. लग्न ठरतानाच माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, मुलीनं पुण्यात पीएच.डी.ला नाव घातलंय, तेवढं पुरं करू द्या. सासरे लगेच हो म्हणाले. शिकू द्या की, आमचं काय जातंय, असं म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले होते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच तर सगळा घोळ झाला. आधीच नाही म्हणाले असते तर मी दुसरं काहीतरी केलं असतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्या. लिंगायत वाण्यांचं घर, बाजाराच्या रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान, मागं आणि वर आम्ही. सकाळी मामा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले की घरात भांडं वाजवायचं नाही, एवढा एकच काय तो कडक नियम. बाकी ह्या घरात मला कुणी कधी कशाला नाही म्हणालं नाही. वाच की. जा की. कर की. पण पुस्तक उघडलं की खालून आत्यांची हाक यायची, वेळ असला तर जरा येतीस का गं? आता सुनेला वेळ नाही असं जगात कधी झालंय? मी उठायचे. पाहुणे यायचे, मी उठायचे. दाराला कडी नाही, कुलूप नाही, आणि मी तीन वर्षं उंबऱ्याच्या आत. बरं, चिडायचं तरी कुणावर? डोकं आपटून घ्यावं तर भिंतसुद्धा मऊ.

माझा विषय सांगते, घाबरू नका. वायू फार तापला की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा सुट्या, विजेनं भारलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य म्हणजे तोच सगळा. त्यात चुंबकीय रेषा असतात आणि भारलेला कण आपल्या रेषेला बांधलेला असतो. तिच्याभोवती गोल गोल फिरत तो पुढं जाईल, मागं येईल, पण ती सोडून शेजारच्या रेषेवर जायचा नाही. हे एम.एस्सी.ला पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती. लग्नानंतर वाटेनाशी झाली.

पण कधी कधी उलट दिशांच्या रेषा एकमेकींवर दाबल्या जातात. त्यांच्या मध्ये विजेच्या प्रवाहाचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. तिथं रेषा तुटतात आणि तुटलेली टोकं आपल्या जुन्या टोकांना न जुळता समोरच्या रेषेच्या टोकांना जुळतात. ह्याला पुनर्जोडणी म्हणतात. रेषांमध्ये ताणून ठेवलेली ऊर्जा तेवढ्यात सुटते, कण पळायला लागतात, उष्णता होते. सूर्यावर भडके उठतात ते असे. प्लाझ्मा शांत असला तर असा पापुद्रा एखादाच. पण खवळलेल्या प्लाझ्मात नुसते भोवरे. मोठा भोवरा मोडून लहान होतो, लहान मोडून आणखी लहान, आणि त्यांच्या अधेमधे असे शेकडो पापुद्रे. माझा प्रश्न एवढाच होता, की मोठ्या भोवऱ्यातली ऊर्जा खाली उतरत उतरत शेवटी जिरते कुठं? सगळीकडं सारखी, का ह्या पापुद्र्यांतच?

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मामांनी विचारलं, पोरी, तू नेमकं करती तरी काय? मी एक फळी घेतली, सायकलच्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या कापल्या आणि खिळे मारून एकीखाली एक ताणून बसवल्या. मग दोन्ही मधोमध कापायच्या, डावीकडची दोन टोकं एकमेकांना बांधायची, उजवीकडची एकमेकांना, असा बेत. टोकं ओढून धरायला मामा. गाठी मारून झाल्यावर त्यांनी सोडलं तसं एक रबर सटकन डावीकडं गेलं आणि दुसरं फाटकन त्यांच्या अंगठ्यावर बसलं. मी घाबरलेच. ते हसत सुटले. मग गंभीर होऊन विचारलं, ही ताकद गेली कुठं म्हणती तू? मी म्हणाले, थोडी आवाजात, थोडी तुमच्या अंगठ्यात, आणि शेवटी सगळी उष्णतेत. त्यांनी अंगठा गालाला लावून बघितला आणि म्हणाले, हां, गरम लागतंय. त्या दिवसापासून पाइप घ्यायला आलेल्या माणसालाही ऐकावं लागायचं, की आमची सून सूर्याची ताकद कुठं जिरती ते शोधती.

त्या वर्षांत गावात एसटीडीचे बूथ, केबलच्या तारा आणि कॉम्प्युटर क्लास एकदमच उगवले. आपणही काढू, असं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं. होळीनंतर दुकानाच्या माडीवर चार मशीन आली, तीन जुनाट आणि एक नवं कोरं. शिकवायला मी. लाइटचा तर काही भरवसाच नव्हता, म्हणून त्यानं बीडहून ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर आणला. लिंबागणेशच्या पुढं जीपचं चाक बसलं तर हा माणूस रस्त्याच्या कडेला त्या बॅटऱ्यांना सावली धरून बसलेला. क्लाससाठी म्हणत होता, पण माझ्यासाठी होतं ते. तो चांगलाच आहे हो. फक्त बापासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी प्रोग्राम फ्लॉपीवर पाठवला होता. मशीनमधल्या कल्पित चौकोनात प्लाझ्मा खवळवायचा आणि पावला-पावलानं ऊर्जा मोजत जायची. त्या नव्या मशीनवरही हे गणित म्हणजे सलग दहा दिवसांचं काम. आधी एकदा चालवून बघितलं होतं. नवं म्हणून घेतलेल्या मशीनमधली डिस्कच खराब निघाली होती, लिहायला गेली की अडकायची. पाचव्या दिवशी आकडे साठवताना मशीन गोठलं ते गोठलंच. पाच दिवसांवर पाणी. मी चिडून प्रोग्राममधल्या मध्ये साठवायच्या ओळीच काढून टाकल्या. आता सगळं मशीनच्या आठवणीत राहणार, मध्ये बंद पडलं तर पुसलं जाणार, आणि शेवटी एकदाच फ्लॉपीवर उतरणार. सर फोनवर म्हणाले होते, अधूनमधून फ्लॉपीवर तरी घेत जा. मी हो सर म्हणाले आणि केलं नाही. का? पुन्हा अडकायची भीती होती, आणि बॅटऱ्या असताना मशीन बंद पडेलच कशाला, असा माज होता.

आणि वेळ संपत आला होता. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झालेली. सर कोजागिरीनंतर दोन वर्षांसाठी जर्मनीला चालले होते. त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मी जायच्या आत हा शेवटचा भाग हातात दिलास तर मी समितीपुढं भांडून तुझी मुदत वाढवून घेईन. नाही दिलास तर नोंदणी रद्द होईल आणि माझ्या हातात काही राहणार नाही.

मी दिवस मोजले. नवरात्रात क्लासला सुट्टी. घटस्थापनेला मशीन चालू केलं तर दसऱ्याच्या संध्याकाळी गणित संपतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची एसटी. किती नीट बसलं होतं सगळं! देवीनंच दिवस काढून दिले असं मला वाटलं. इथंच मी चुकले. माझे वडील अंबाजोगाईत मास्तर. आमच्याकडं खंडेनवमीला पाटीपुस्तकं देवापुढं मांडायची आणि अभ्यास नाही म्हणून पोरांनी खूश व्हायचं, एवढंच. दुकानदाराच्या घरात खंडेनवमी म्हणजे तराजू, वजनं, पाइप कापायची करवत, मीटर, सगळं धुऊनपुसून ओळीनं मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस आराम. तीन वर्षं मी स्वतः त्या करवतीला कुंकू लावलं होतं. पण क्लास होळीनंतरचा. कॉम्प्युटरची ही पहिलीच नवमी, आणि तोही ओळीत बसणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठ दिवस मी चोरासारखी माडी चढत-उतरत होते. घटाला पाणी घातलं की वर. भाजी फोडणीला टाकली की वर. पडद्यावर दोन रकाने सरकत असायचे, चुंबकीय ऊर्जेचा आकडा उतरत चाललेला, उष्णतेचा चढत. पाचव्या दिवसानंतर उतार एकदम तीव्र झाला, म्हणजे पापुद्रे तुटायला लागले होते. आनंदानं मी एकटीच टाळी वाजवली. खाली कुणाला सांगणार? माझ्या वाटची कामं आत्या न बोलता उरकत होत्या. मला समोर बसवून जेवायला वाढायच्या आणि एक शब्द काढायच्या नाहीत. लग्नाला तीन वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता, त्यावरही त्या कधी बोलल्या नाहीत. ती न बोललेली एकेक गोष्ट माझ्या डोक्यावर चढत होती. बोलल्या असत्या तर मी भांडले असते.

अष्टमीच्या संध्याकाळी मी वर गेले तर नवरा बाकीची तीन मशीनं ओल्या फडक्यानं पुसत होता. उंबऱ्याशी झेंडूच्या चार माळा ठेवलेल्या. चार. मी म्हणाले, मामांना सांग, हे उद्या बंद करता येणार नाही. तो म्हणाला, तू सांग की, तुझं ऐकतात ते. मी म्हणाले, घर तुझं, बाप तुझा. तो म्हणाला, विषय तुझा. असं आम्ही एकमेकांवर ढकलत राहिलो आणि खालून जेवायला हाक आली. सकाळी मी सांगेन असं मी ठरवलं. सकाळी पुरण शिजवायचं होतं.

अकराच्या सुमाराला मामा पूजेचं ताट घेऊन माडीवर आले. मागं आत्या, शेजारच्या दोघी काकू, नवरा, मी. तीन मशीनं काळ्या पडद्यांची, गप्प. चौथं घोंघावत होतं. मामांनी तिन्ही मशीनांना हळदकुंकू लावलं, हार घातले, आणि चौथ्यापुढं येऊन थांबले.

"हे चालू हाय व्हय?"

मी हो म्हणाले. ते तसेच उभे राहिले. माझ्याकडं बघत. आत्याही माझ्याकडं बघत होत्या. काकू एकमेकींकडं. नवरा बॅटरीतलं पाणी कमी झालंय का ते वाकून बघत होता, जणू आत्ताच बघायचं होतं. कुणी बंद कर म्हणालं नाही, हे मी शपथेवर सांगते. माझं वाक्य तयार होतं. मामा, ह्याला उद्या संध्याकाळपर्यंत थांबवता येणार नाही. सात शब्द. एम.एस्सी.ला वर्गात पहिली आलेल्या बाईला सात शब्द जड नाहीत. पण मी ते म्हणाले नाही. ताटातला कापूर विझला. मामांनी दुसरी वडी ठेवून पुन्हा पेटवला आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, घाई करतायत. मला वाटलं, एवढ्या बायका ताटकळल्यात, एवढे दिवस ह्या घरानं माझं सगळं चालवून घेतलं आणि मी एका दिवसाचा आराम देत नाही. मी पुढं झाले आणि बटण दाबलं. मीच. शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग झाले होते.

मशीनमधल्या पंख्याचा आवाज हळूहळू खाली गेला. मामांनी पडद्याच्या काचेवर बोटानं कुंकू लावलं, हार घातला, ओवाळलं. आत्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. जिन्यात नवऱ्यानं हळूच विचारलं, फ्लॉपीवर घेतलंस ना? मी हो म्हणाले. खाली जाऊन पोळ्या लाटायला बसले. इतका राग आला होता मला, सगळ्यांचा, त्या काकूंचासुद्धा. पुरण छान झालंय म्हणून सगळे दोन-दोन पोळ्या जास्त जेवले.

मी पुण्याला गेले नाही. घरात बरं नाही म्हणून सांगितलं, पोस्टानं पाठवते म्हणून सांगितलं. काय पाठवणार होते, डोंबल? सरांना फोन करायला एसटीडी बूथवर गेले, पाचव्या नंबरला उभी राहिले आणि नंबर आल्यावर परत फिरले. दिवाळीनंतर विद्यापीठाचा कागद आला, नोंदणी रद्द. मी तो साड्यांखाली ठेवला आणि कुणाला दाखवला नाही.

खरा फास पुढंच लागला. मामा रोज विचारायचे, काय म्हणतोय सूर्य? मी म्हणायचे, चाललंय. कुठवर आलं? आलं बघा बरंच. ते खूश होऊन गल्ल्यावर बसायचे आणि येईल त्याला सांगायचे. मी आतून ऐकायचे. आधी फक्त घरात अडकले होते, आता माझ्या स्वतःच्या थापेत अडकले, आणि तिथून काढायला दुसरं कुणी येणार नव्हतं. मशीनपुढं बसून मी पोरांना शिकवायचे. प्रोग्राम त्यातच होता. तो पुन्हा चालवावा असं एकदाही वाटलं नाही. कुणासाठी चालवायचा?

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी मामांनी दुकानाचं रंगकाम काढलं आणि क्लासची पाटीही नवी करायला घेतली. पेंटर पत्रा फुटपाथवर आडवा टाकून खडूनं आखत होता. मी चहा द्यायला गेले. वर क्लासचं नाव, खाली संचालिका म्हणून माझं. पण माझं नाव मधोमध नव्हतं, उजवीकडं सरकलेलं. डाव्या कडेला वीतभर पत्रा कोरा. मी त्याला झापलं, डोळे फुटलेत का, नीट मोजता येत नाही? तो म्हणाला, ताई, मालकांनीच सांगितलंय, पुढं डॉक्टर लिहायला जागा सोड. येवढ्यात होणार हाय म्हणले, मग पुन्हा सगळी पाटी कुठं पुसत बसायची.

मी दुकानाकडं बघितलं. मामा गल्ल्यावरून माझ्याकडं बघून हसत होते, पोराला खाऊ आणल्यावर माणूस हसतो तसं.

मी त्यांना मागं गोदामात नेलं आणि सिमेंटच्या गोण्यांशी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बटण, अठ्ठ्याऐंशी भाग, काढून टाकलेल्या ओळी, साड्यांखालचा कागद. रडू आलं तसं रडले. शेवटी त्यांनी विचारलं, त्या दिवशीच गेलं? मी म्हणाले, हो. समदं? सगळं.

ते गोणीवरची धूळ हातानं झाडायला लागले.

"आन् मी ताट घिऊन कावून उभा व्हतो मग?" ते म्हणाले. "ते चालू हाय हे मला दिसत न्हवतं का? कापूर इजला, म्या पुन्हा लावला. तू म्हणशील, राहू द्या मामा, म्हणून थांबलो व्हतो. तू एकदा म्हणली असतीस तर तसंच चालू मशीनला कुंकू लावून खाली आलो असतो."

वर्षभर ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तो त्या दिवशी माझ्यासाठी खोळंबला होता. मला माझीच किळस आली. आणि लगेच त्यांचाही भयंकर राग आला. एवढं होतं तर तुम्हाला तोंड नव्हतं का, तुम्ही का नाही म्हणालात राहू दे म्हणून, असं ओरडून विचारावंसं वाटलं. तेही मी विचारलं नाही. पदरानं तोंड पुसलं.

बाहेरून पेंटरनं हाक मारली, मालक, रंग वाळायलाय, नाव कुठनं सुरू करू? मामा पुन्हा गोणी झाडायला लागले. मी बाहेर गेले आणि त्याला म्हणाले, अगदी कडेपासून कर, जागा सोडू नकोस.